शुक्रवारचा भरला कोबी

दुपारी बाराला सूप समोर आलं नाही की ओगुस्त कायरोलचं डोकं फिरायचं. सगळा जन्म त्याने ओब्राकच्या पठारावर गाई राखल्या होत्या आणि बाराला सूप प्यायलं होतं. आज सुनेच्या गाडीत बसलोय म्हणून ती वेळ मागेपुढे करायचं त्याला काही कारण दिसत नव्हतं. घाट उतरून पहिलं गाव लागलं तसं त्याने काचेवर बोटाने टकटक केलं.

"थांबव इथं. खाणावळीची चूल पेटलेली दिसतेय."

एस्तेलने गाडी चर्चच्या भिंतीला लावली. तिलाही थांबायचंच होतं. खरं सांगायचं तर याच थांबण्याच्या धास्तीने तिचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

ओगुस्तच्या समजुतीप्रमाणे ही दोघं मोंपेलिएला निघाली होती. तिथे मोठ्या इस्पितळात छातीच्या तपासण्या करायच्या, मुलाच्या घरी दोन रात्री काढायच्या आणि शुक्रवारी परत यायचं. त्याने आपली छोटी पिशवी स्वतः भरली होती. फिनो कुत्र्याला शेजारच्या बाईकडे सोपवलं होतं आणि शुक्रवारपर्यंत पुरेल एवढी हाडं तिच्याकडे मोजून दिली होती. त्या छोट्या पिशवीमागे डिकीत चादरीखाली एक मोठी सूटकेस होती, आणि तिच्यात त्याचे हिवाळ्याचे सगळे कपडे होते. तपासण्या वगैरे काही नव्हत्या. मोंपेलिएच्या एका वृद्धाश्रमात त्याच्या नावाची खोली तयार होती, आणि तीही कायमची.

फाब्रिस, म्हणजे एस्तेलचा नवरा, 'वृद्धाश्रम' म्हणत नसे. 'निवास' म्हणे. शब्द गोड केला की गोळी गोड लागते अशी त्याची समजूत असावी. तसं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात म्हातारा रिकाम्या गोठ्यात घसरून पडला आणि सकाळी शेजारीण येईपर्यंत तिथेच गारठत राहिला. नंतर एकदा शेगडी तशीच चालू ठेवून फिरायला गेला. त्याला एकटं ठेवणं आता शक्य नाही हे एस्तेललाही पटलेलं होतं. पण हे त्याला सांगणार कोण, इथे घोडं पेंड खात होतं.

"तू सांग," फाब्रिस म्हणाला होता. "तुझं ऐकतात ते. मी सांगितलं की भांडण होतं."

"वडील तुझे आहेत, फाब्रिस."

"म्हणूनच तर."

त्यात काल आश्रमाच्या संचालिकेचा फोन आला. आम्ही कुणालाही फसवून आत घेत नाही, दारातच त्यांना विचारतो की तुम्ही इथे कशासाठी आलात, तेव्हा येण्याआधी त्यांना सगळं सांगा, असं ती बाई अगदी गोड आवाजात म्हणाली. आता इथून पुढे महामार्ग, आणि महामार्ग संपला की शहर. चालत्या गाडीत सांगायची एस्तेलची छाती नव्हती. म्हातारा धावत्या गाडीचं दार उघडायलाही कमी करणार नाही, असं तिला वाटायचं. सांगायचं तर ते याच जेवणात.

खाणावळ म्हणजे एकच खोली होती. सहा टेबलं, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या भिंतीत एक खिडकी. रेजिस आत रांधायचा आणि त्याची बायको रोझलिन बाहेर वाढायची. त्या खिडकीतून ताटं बाहेर यायची, रिकामी आत जायची, आणि दोघांचं भांडण दोन्ही दिशांनी चालू असायचं.

"दोन जणं!" रोझलिन आत ओरडली.

"कुठून आणू दोन जणं? सॉसेज संपत आलीत!"

"तुझ्या वाटची घाल. नाहीतरी डॉक्टरनं तुला बंद केलीत." मग ती वळून गोड हसली. "बसा मस्य, बसा मादाम. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. तीस वर्षं झाली, मीही देत नाही."

ओगुस्त खुशीत बसला. त्याने खिशातून आपली सुरी काढली, उघडली, ताटाशेजारी ठेवली आणि खाणावळीची सुरी बाजूला सरकवली. त्या भागातली जुनी माणसं दुसऱ्याच्या सुरीने जेवत नाहीत. एस्तेल त्या सुरीकडे बघत राहिली.

कायरोलांच्या घरात या सुरीचा कायदा होता. सुरी उघडी असेपर्यंत जेवण, आणि जेवताना वादाचं काही बोलायचं नाही. मालकाने सुरी मिटली की जेवण संपलं, सगळ्यांनी उठायचं, मग कुणाच्या तोंडात घास असला तरी. एस्तेल नवी सून होती तेव्हा तिने सासूला विचारलं होतं, मग या घरात बोलायचं कधी? लेओनीबाई खूप हसल्या होत्या. "चीज खाऊन झालं की तो सुरी पावाच्या तुकड्यावर पुसतो बघ. एकदा एका अंगानं, एकदा दुसऱ्या. मग तो पाव खातो, मग मिटतो. तेवढ्यात सांगायचं. तेव्हा तो ऐकतो." कपडे धुवायचं यंत्र, फाब्रिसचं शहरातलं शिक्षण, इतकंच काय, ही शहरातली सूनसुद्धा, सगळं लेओनीबाईंनी सुरी पुसली जात असतानाच पदरात पाडून घेतलं होतं. त्या जाऊन आता चार वर्षं झाली होती. एस्तेलकडे त्यांची दुसरी कसलीच पुंजी नव्हती.

सूप आलं. ओगुस्त मान खाली घालून जेवत होता. एस्तेल मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. 'बाबा, आम्हाला तुमची काळजी वाटते.' नको, हे फाब्रिससारखं वाटतंय. 'बाबा, हिवाळा येतोय.' हिवाळा दरवर्षीच येतो, तो म्हणेल. 'बाबा, मी खोटं बोलले.' हे खरं होतं, पण त्याच्या पुढचं वाक्य तिला सुचेना.

"जेवत का नाहीयेस पोरी?" त्याने मान वर न करता विचारलं. "छाती माझी तपासायचीय, तुझी नाही."

तिने सूप घशाखाली ढकललं.

मग रोझलिन पातेलं घेऊन टेबलापाशी आली. चीज घालून घोटलेला बटाटा होता. तिने पळी वर उचलली तशी त्याची तार लांबत लांबत पार तिच्या खांद्याच्या वर गेली. ओगुस्तच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत दिसलं नव्हतं असं हसू आलं.

"वा! आणखी वर घ्या मादाम. आमची लेओनी खुर्चीवर चढायची."

"मी चढले तर खुर्ची राहणार नाही," रोझलिन म्हणाली. "प्रवासाला निघालात वाटतं? कुठे?"

"मोंपेलिए," ओगुस्त म्हणाला. "छातीच्या तपासण्या आहेत. शुक्रवारी परत."

"अगंबाई! कुठल्या डॉक्टरकडे? रेजिसलाही तिथलेच डॉक्टर आहेत." आणि तिने एस्तेलकडे बघितलं. "कुणाकडे दाखवताय?"

एस्तेलने पाण्याचा पेला पुढे ओढला. "ते... नाव नवऱ्याकडे आहे. त्यानंच ठरवलंय सगळं."

"मुलानं ठरवलंय," ओगुस्तने अभिमानाने सांगितलं. "तो सगळं नीट ठरवतो. लहानपणापासून तसाच."

"बघ, मुलगा असावा तर असा!" रोझलिन खिडकीकडे तोंड करून ओरडली.

"मुलगा असायला बाप पण तसा लागतो!" आतून उत्तर आलं. "माझ्या छातीत काय होतं हे कुणी विचारत नाही!"

"तुझ्या छातीत काय होतं ते मला माहितेय. तांबडी दारू असते!"

बाजूच्या टेबलावरचे दोन ट्रकवाले खो खो हसले. ओगुस्तही हसला. एस्तेलला मात्र हसता आलं नाही. एक खोटं सांभाळायला दुसरं बोलावं लागतं, आणि दुसऱ्याला तिसरं. म्हातारा इतका खूश नसता तर सोपं गेलं असतं. सकाळपासून तो चिडचिडा असता, कुरकुरला असता, तर तिलाही थोडं निबर होता आलं असतं. पण तो सॉसेज कापत होता, बटाट्याची तार बोटावर गुंडाळत होता आणि ट्रकवाल्यांना गाईंच्या जाती समजावून सांगत होता.

चीजचं ताट आलं. त्याने एक तुकडा कापला, मग दुसरा. एस्तेलने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. त्याने पावाचा तुकडा मोडला आणि सुरीचं पातं त्यावर टेकवलं. एक अंग पुसलं.

"बाबा," ती म्हणाली.

"हं." त्याने मान वर केली. लेओनीबाई खोटं बोलल्या नव्हत्या. तो खरंच ऐकत होता, निळे डोळे तिच्याकडे लावून.

"बाबा, मला तुम्हाला—"

"चीज कसं वाटलं?" रोझलिन येऊन उभी राहिली. देव जेव्हा सूड घ्यायचं ठरवतो तेव्हा तो चांगली माणसंच पाठवतो. "आमच्या इथलंच आहे, नदीपलीकडचं."

"चांगलं आहे. जरा कोवळं." ओगुस्तने सुरीचं दुसरं अंग पुसलं. "मादाम, तुमच्याकडे भरला कोबी करतात का हो? अख्खा. दोऱ्यानं बांधून, मंद आचेवर."

"करतो की! पण आदल्या दिवशी सांगावं लागतं. रेजिस सकाळपासून त्याच्यामागे बसतो."

"मग शुक्रवारी करा. येताना इथंच जेवू." तो पुसलेला पाव चावत होता. "चार वर्षं खाल्ला नाही. ही पोरगी गुणी आहे, पण कोबी हिला येत नाही."

"शुक्रवारी दुपारी. किती जणं? दोघंच?"

ओगुस्तने सुनेकडे बघितलं. "दोघंच ना गं?"

आता सांगायला हवं होतं. एका शब्दात सांगता आलं असतं. तिने तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "हो. दोघंच."

टक् करून सुरी मिटली.

घरी असता तर तो उठलाच असता. पण मनुक्याची टार्ट यायची होती, आणि गोड खायला सुरी लागत नाही, एवढी पळवाट त्याच्या कायद्यात होती. आत रेजिस खाटकाशी फोनवर जोरजोरात बोलू लागला होता. "हो, शुक्रवारसाठी! चांगलं बारीक कर मांस, मागच्यासारखं नको. पाहुणे वरच्या पठारावरचे आहेत, त्यांना कळतं!" मग दुसरा फोन, कोबी पिकवणाऱ्या बाईला. "सुरकुत्या पानांचा, मादलेन, घट्ट! नाही, आपल्यासाठी नाही, एका आजोबांसाठी. चार वर्षं खाल्ला नाही बिचाऱ्यांनी!"

एस्तेलला वाटलं, आता अख्खं गाव या खोट्यात ओढलं जाणार. खाटीक आला, मादलेन आली, उद्या कदाचित पाद्रीही येईल. ती हात धुवायला म्हणून उठली आणि तिने स्वयंपाकघराच्या बोळात रोझलिनला गाठलं.

"मादाम, तो कोबी नका करू." ती भरभर बोलत सुटली. "आम्ही शुक्रवारी येणार नाही. तपासण्या नाहीत काही. मी त्यांना आश्रमात ठेवायला नेतेय. कायमचं. त्यांना माहीत नाही."

रोझलिनच्या हातात ताटांची चळत होती. ती तिने सावकाश खाली ठेवली.

"त्यांना माहीत नाही, आणि मला सांगतेस?"

"मला वाटलं, तुमचा माल फुकट जाईल—"

"माल गेला खड्ड्यात. मी कोण गं तुझी? सकाळी तुला माझं तोंडही माहीत नव्हतं. त्या माणसाच्या आधी मला कळतं आणि मी त्याला जाऊन टार्ट वाढायची? कुठल्या तोंडानं?"

एस्तेलच्या डोळ्यांत पाणी आलं. "सासूबाई असत्या तर..."

"त्या नाहीत. रडू नकोस, रेजिसला वाटेल कांदा मी चिरला." रोझलिनने तिला हातपुसणं दिलं. तिचा आवाज उतरला, पण मऊ झाला नाही. "हे बघ. आमच्याकडे एक नियम आहे. जेवण ज्यानं सांगितलं त्यानंच मोडायचं. नवऱ्याचं बायकोनं नाही आणि सासऱ्याचं सुनेनं नाही. एकदा एका बाईनं फोन करून नवऱ्याचं मोडलं, आणि तो रविवारी सगळा गोतावळा घेऊन दारात उभा. तेव्हापासून. कोबी त्यांनी सांगितलाय. नको असेल तर ते सांगतील."

"पण मी कसं—"

"ते मला नको विचारू. मी फक्त वाढते."

रोझलिन टार्ट वाढून आली तरी एस्तेल बोळातच उभी होती, मग परत आली. चार पावलांची ती खोली, पण तिला ती संपता संपेना. ओगुस्त टार्ट संपवून, हात टेबलावर ठेवून, उठायच्या बेतात होता.

"निघायचं?"

"बसा बाबा."

जेवण संपल्यावर त्याला 'बसा' म्हणण्याची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. तो आश्चर्यानेच बसून राहिला असावा.

तिने जुळवलेलं एकही वाक्य वापरलं नाही. इस्पितळ नाही म्हणाली. खोली आहे म्हणाली, बागेकडची. गोठ्यातल्या त्या रात्रीपासून आम्हाला झोप नाही, कुणी तरी जवळ हवं, आणि आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दिवसभर कुलूप, असं सगळं सांगितलं. डिकीतल्या सूटकेसचंही सांगितलं. शेवटी म्हणाली, "शुक्रवारी आपण परत येणार नव्हतो. मी खोटं बोलले. तिथल्या बाई तुम्हाला दारात विचारणार आहेत. नाही म्हणालात तर नाही."

ट्रकवाल्यांनी माना ताटात घातल्या. रेजिसचं डोकं खिडकीत आलं.

ओगुस्तने टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले.

"फिनोला शुक्रवारपर्यंतचीच हाडं दिलीयत," तो म्हणाला.

एस्तेलने टार्टचं ताट बाजूला केलं.

"मी गाई बाजाराला न्यायचो. कितीतरी नेल्या. पण दोर त्यांच्यासमोर बांधला. गोठ्यातून चाऱ्याच्या निमित्तानं बाहेर काढून, असं नाही कधी केलं." त्याने गोळा केलेले कण ताटात टाकले. "तू सांगितलंस तरी. तो कुठाय?"

"ऑफिसात. त्याला..."

"भीती वाटते."

"हो."

"लहानपणापासून तसाच," ओगुस्त म्हणाला. मग त्याने हात वर केला. "मादाम!"

रोझलिन आली. एप्रनला हात पुसत रेजिसही तिच्या मागे आला. जाडजूड माणूस, आणि अपराध्यासारखा उभा.

"शुक्रवारच्या जेवणाचं," ओगुस्त म्हणाला.

"मोडायचं का, मस्य?"

"नाही. दोघांचं सांगितलं होतं, ते तिघांचं करा. माझा मुलगा येईल. जे काय ठरवलंय ते त्यानं इथं बसून, माझ्या तोंडावर मला सांगायचं. मग हो म्हणायचं की नाही ते मी बघीन. तोवर मी पाहुणा आहे. कुठं झोपायचं ते झोपेन, पण पाहुणा." तो सुनेकडे वळला. "त्याचा नंबर दे यांना."

"मी लावते बाबा."

"तू नाही. तू पुष्कळ केलंस त्याच्यासाठी. यांना लावू दे. खाणावळीतून फोन आला की माणूस घाबरत नाही."

एस्तेलने नंबर सांगितला. रोझलिनने गल्ल्यावरचा फोन उचलला. तिच्या आवाजातला नेहमीचा तोरा गेला होता. "मस्य कायरोल? शुक्रवारी दुपारी तुमच्या नावानं टेबल आहे. तिघांचं. भरला कोबी... हो, तुमच्या वडिलांनी सांगितलंय. ते इथंच आहेत. त्यांना कळलंय सगळं... हॅलो? मस्य?"

तिने फोन कानापासून दूर धरला आणि ओगुस्तकडे बघितलं.

"काही बोलत नाहीयेत. रडतायत नुसते."

एस्तेलला वाटलं, आता म्हातारा म्हणेल, ठेवा फोन. त्याचा चेहरा तसाच होता, पठारावरच्या दगडासारखा. तो टेबलाला धरून उठला, गल्ल्यापर्यंत गेला आणि रोझलिनच्या हातून फोन घेतला. आधी उलटा धरला, मग सुलटा केला.

"फाब्रिस," तो म्हणाला. "जेवलास का?"